‘आईला उगाच गुंगीत ठेवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर आईंना ‘गरज नसताना झोपेचं औषध देऊन गुंगीत ठेवलं, पल्स ५२ वर आला आणि वर त्याचे पैसे लावले’, असं तुम्ही लिहिलंय. उशाशी बसलेल्या मुलाचा जीव मॉनिटरच्या आवाजागणिक वरखाली होतो, हे आम्ही रोज बघतो. म्हणून सविस्तर लिहितोय. आईंचे रिपोर्ट चारचौघांत उघड करणार नाही, औषधाबद्दलच बोलतो.

औषध डेक्समेडेटोमिडीन. पेशंटने गप्प पडून राहावं म्हणून ते देत नाहीत. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरावा लागतो. त्या दाबाने बीपी आणि पल्स उसळतात. शुद्धीवर येताना मळमळतं, हुडहुडी भरते. हे औषध ती उसळी आवरतं, हुडहुडी कमी करतं. मुख्य म्हणजे फेंटानिलसारखी कडक वेदनाशामकं कमी लागतात, म्हणजे उलट्या आणि श्वास मंदावण्याची भीतीही कमी. पोटावर ताजे टाके असताना ओकारी येणं म्हणजे काय, ते भोगलेल्यालाच ठाऊक.

नाडी मंद होणं हा या औषधाचा ठरलेला परिणाम. बीपी नीट असेल आणि पेशंट हाकेला ओ देत असेल, तर ५२ ला आम्ही डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतो. लागलंच तर नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन हाताशी असतं. हार्ट ब्लॉक (हृदयातले विजेचे संकेत अडणं) असला किंवा नाडी मुळातच मंद असली, तर भूलतज्ज्ञ हे औषध टाळतात. सिस्टर मधूनमधून येऊन ‘डोळे उघडा, माझं बोट दाबा’ म्हणतात ना, ती तपासणीच असते. ही गुंगी हाकेने मोडते: पेशंट डोळे उघडतो, बोट दाबतो, परत झोपतो.

झापड काही तास रेंगाळते, तोंडाला कोरड पडते, उतारवयात जरा जास्तच. हे खरंय. तरीही रात्र ओकत, कण्हत काढण्यापेक्षा संध्याकाळ झापडीत गेलेली बरी, असं माझं ठाम मत आहे.

बिलातली ती ओळ याच इंजेक्शनची. किती मायक्रोग्रॅम दिलं, कधी सुरू केलं, कधी थांबवलं, हे भुलीच्या चार्टवर लिहिलेलं असतं. त्याची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ओपीडीच्या वेळेत या, भूलतज्ज्ञांना बोलावून घेतो, सोबत बसून वाचू. मात्र आईंना ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा पोटदुखी वाढली, तर ओपीडीची वाट बघू नका. रात्री-अपरात्रीही घेऊन या.