१९६२ : माघार वेगळी, पळ वेगळा

नोव्हेंबर आला की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. त्यातला दावा असा : १९६२ च्या चीनयुद्धात आपले सैन्य लढलेच नाही, चिनी दिसताच जवान पळाले, आजच्या अरुणाचलमधली सेलासारखी बळकट खिंड त्यांनी भीतीपोटी सोडली. हे वाचून गप्प बसवत नाही.

'लढलेच नाहीत.' २० ऑक्टोबरच्या पहाटे आजच्या अरुणाचलच्या सीमेवर, नामका चू नदीकाठी हल्ला झाला, तेव्हा २ राजपूत या पलटणीत पाचशेच्या आसपास माणसे होती. त्यांतली २८२ मारली गेली. अंगावर त्या उंचीला न पुरणारे कपडे, हातात जुन्या ३०३ रायफली, काडतुसे मोजकी. लडाखमधल्या रेझांग ला या खिंडीत १८ नोव्हेंबरला १३ कुमाऊँ या पलटणीच्या चार्ली कंपनीला तोफांची मदत मिळू शकत नव्हती, कारण मध्ये डोंगर होता. मेजर शैतान सिंह यांच्यासह ११४ जण तिथे पडले. फेब्रुवारी १९६३ मध्ये शोधपथक वर पोहोचले, तेव्हा गोठलेले देह मोर्चांमध्येच होते, काहींच्या हातात शस्त्रे तशीच.

याच विषयावर उलट बाजूचे मजकूरही फिरतात. सेलापुढच्या नूरानांगला लढलेले जवान जसवंतसिंह रावत यांनी एकट्याने ७२ तास चिन्यांना रोखले, असे त्यांत असते. खरी हकीकत अशी, की १७ नोव्हेंबरला ते, त्रिलोकसिंह नेगी आणि गोपालसिंह गुसाईं असे तिघे सरपटत जाऊन शत्रूची मशीनगन हिसकावून आणायला निघाले. गुसाईं जखमी होऊन परतले, बाकीचे दोघे मारले गेले. हे शौर्य पुरेसे मोठे आहे, त्यात भर घालायची गरज नाही. त्या दिवशी त्यांच्या ४ गढवाल रायफल्स पलटणीने एकामागून एक हल्ले परतवले आणि मग हुकमाप्रमाणे पलटण सेलाकडे मागे आली.

'माघार म्हणजे पळच.' नाही. शत्रू अंगावर असताना मागे सरणे हे चढाईइतकेच अवघड काम. पिछाडीला कोण थांबणार, कोणती तुकडी कधी उठणार, वाट कोण राखणार, हे आधी ठरावे लागते. लडाखमधल्या चुशूलला ते ठरले होते. रेझांग ला पडल्यावर ११४ ब्रिगेडने पूर्वेकडची ठाणी सोडली, पश्चिमेच्या उंच डोंगरांवर नवे मोर्चे धरले आणि चुशूल चिन्यांच्या हाती गेले नाही.

'सेला जवानांनी सोडली.' इथे जरा थांबायला हवे. तवांग सोडल्यानंतर फौजेने सेलाला मोर्चे बांधले होते. ब्रिगेडिअर होशियार सिंह यांच्या ६२ ब्रिगेडमध्ये पाच पलटणी होत्या. पण चिनी फौज बाजूच्या डोंगरवाटेने थेंबांगला उतरली आणि सेलाच्या मागच्या दिरांग व बोमडिला यांमधला रस्ता तिने तोडला. १७ तारखेच्या संध्याकाळी या आघाडीचे प्रमुख, कोअर कमांडर कौल, आसाममधल्या तेजपूरच्या मुख्यालयात नव्हते. लष्करप्रमुख थापर आणि पूर्व विभागाचे प्रमुख सेन तिथे हजर होते, तरी निर्णय त्यांनी घेतला नाही. दिरांगहून ६२ ब्रिगेडचे वरिष्ठ, डिव्हिजन कमांडर पठानिया मागे हटण्याची परवानगी मागत राहिले. शेवटी त्याच रात्री ब्रिगेड हटवण्याचे ठरले. अंधार, थंडी, एकच अरुंद रस्ता आणि मागची वाट आधीच शत्रूच्या हाती. काही तुकड्या खरोखर विस्कटल्या, काहींनी हत्यारे टाकली, हे नाकारून चालणार नाही. मात्र आधी मोडले होते ते वरचे नेतृत्व. होशियार सिंह स्वतः त्याच माघारीच्या वाटेवर मारले गेले.

'माघारीचा विचारच कुणी केला नव्हता', हे शेवटचे. केला होता, आणि तो एका मराठी सेनापतीने. पूर्व विभागाचे तेव्हाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांनी १९५९ मध्येच सांगितले होते, की सीमेवर फक्त हलकी ठाणी ठेवावीत, ती लढत लढत मागे यावीत आणि खरी लढाई बोमडिलासारख्या आपल्या रसदीजवळच्या जागी व्हावी. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' या सरावात त्यांनी ते मांडूनही दाखवले. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले, आणि पुढच्याच वर्षी २ राजपूत जिच्यात होती त्या ७ ब्रिगेडला सीमेवर, नामका चूच्या खोलगट पात्रात, वरच्या उतारांवर शत्रू असताना उभे केले गेले.