हलव्याचा हिशेब

संक्रांतीच्या आठवड्यात मुलाची दाढ दुखू नये, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. चिरंजीवांचे वय सहा, दाढ उजवीकडची, आणि तिने ठणकायला मुहूर्त निवडला तो रात्री अडीचचा. सकाळी आईने कापसाच्या बोळ्यावर लवंगेचे तेल घालता घालता निकाल देऊन टाकला, की दुधाचा दात आहे, आज ना उद्या पडायचाच, त्याला डॉक्टर कशाला? "तुझेही किडले होते की रे. काय अडले?" माझ्या तोंडात आज दोन टोप्या आणि तीन भरलेल्या दाढा आहेत, याची आठवण मी तिला करून दिली नाही.

डॉक्टरीणबाईंचे म्हणणे वेगळे पडले. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागले, तरी दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातांसाठी, एसटीत खिडकीतून रुमाल टाकावा तशी, जागा धरून ठेवतात. रुमालच गेला तर शेजारचे दात सरकून बसणारच. दाढेत तात्पुरते औषध भरून त्यांनी मला गृहपाठ दिला: तीन दिवस मुलाच्या तोंडात जे जाईल ते वेळेसकट वहीत लिहायचे.

हिशेबाचा मला अभिमान आहे. कोणी दिले तेही मी कंसात लिहू लागलो. सकाळी 9, हलवा 4 दाणे (आजी). 9.40, हलवा 3 दाणे (आजी). 10.15, तिळाची वडी (शेजारच्या काकू). हा हलवा आईने मंद आचेवर, पाक थेंबाथेंबाने सोडत, बोटांनी फिरवत दोन दिवस खपून केलेला, त्यामुळे त्याबद्दल ब्र काढण्याची सोय नव्हती. चिरंजीव तो चावत नाहीत; एकेक दाणा गालात धरून त्याचे काटे जिभेने मोजतात आणि आतला तीळ लागेपर्यंत सोडत नाहीत. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक मावशी "तिळगूळ घे, गोड बोल" म्हणत त्याच्या तळहातावर काहीतरी ठेवत होती, आणि नको म्हणणे म्हणजे वर्षभर कडू बोलण्याची जाहीर घोषणाच.

चौथ्या दिवशी बाईंनी वही उघडली. साखर किती ग्रॅम झाली, हे मी रात्री जागून काढले होते. तिकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्यांनी फक्त वेळा मोजल्या. पहिल्याच दिवशी चौदा. दातांवरच्या थरातले जंतू साखरेचे आम्ल करतात, तोंडातला सामू (pH; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली उतरला की दातावरचे कवच विरघळू लागते, आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त लागतो. तेवढ्यात पुढचा दाणा आला, की लाळेने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. गूळ तरी औषधी असेल, हा आईचा निरोप मी भीत भीत पोहोचवला. गुळातही मुख्यत्वे साखरच असते आणि जंतूंना त्यातला सात्त्विकपणा कळत नाही, असे उत्तर मिळाले.

स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म रुग्णालयात 1945 नंतर हेच पडताळून पाहिले होते म्हणे: जेवणाबरोबरच्या साखरेने दात फारसे किडले नाहीत, जेवणांच्या मधल्या वेळच्या चिकट टॉफीने मात्र भराभर किडले. (तिथल्या बिचाऱ्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना कोणी विचारले नव्हते, वाचताना माझीच दाढ शिवशिवली.) म्हणजे जेवणातले श्रीखंड एक वेळ चालेल, दिवसभर गालात धरलेला हलवा चालणार नाही.

मग बाईंनी लाल पेनाने एका नोंदीभोवती गोल काढला. रात्री 9.30, चहात बुडवून 2 बिस्किटे. तिन्ही दिवशी होती, दात घासून झाल्यानंतरची, आणि झोपेत लाळ कमी होत असल्याने सगळ्यांत वाईट. "इथे कंस नाही. ही कोण देते?"

मी छताकडे पाहिले. चिरंजीवांनी औषध भरलेली दाढ सांभाळत स्पष्ट उच्चारात सांगितले, "बाबा."

वही आता आईकडे असते. हलवा तिने दुपारच्या जेवणाच्या ताटात वाढायला सुरुवात केली आहे, आणि रात्री साडेनऊला मी चहाचा कप उचलला, की ती चष्मा लावून पेन शोधू लागते.