खुलासा : ‘१८ व्होल्टची बॅटरी कुठल्याही ड्रिलला चालते’ हे खरं नाही

नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या फर्निचरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘१८ व्होल्टच्या सगळ्या बॅटऱ्या एकमेकींना चालतात, आणि २० व्होल्टचं मशीन १८ पेक्षा दमदार.’ दोन्ही गोष्टी चूक.

आधी व्होल्टचं बघू. दोन्ही बॅटऱ्यांत ओळीने जोडलेले पाचच लिथियम सेल असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणून पाचांचे १८. तेच सेल फुल चार्ज झाल्यावर चार-सव्वाचारपर्यंत चढतात, म्हणून खोक्यावर २०. डीवॉल्ट ही अवजारांची कंपनी अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणून जे विकते, तेच युरोपात १८ म्हणून विकते. आकडा दुकानदारीचा, ताकद तीच.

बॅटरी बसणं मात्र व्होल्टवर नाही, खाचेवर आणि आतल्या सर्किटवर ठरतं. मकिताची बॅटरी बॉशला बसत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. फसगत होते ती एकाच कंपनीच्या आत. बॉशची निळ्या (कारागिरांच्या) मशीनची १८ व्होल्ट बॅटरी हिरव्या (घरगुती) मशीनला चालत नाही. मकिताची १८ची एलएक्सटी आणि ४०ची एक्सजीटी ही दोन वेगळी घराणी. एकाची बॅटरी दुसऱ्याच्या मशीनला बसवणारे जोड-अडॅप्टर बाजारात मिळतात, ते लावून काम भागतं खरं, पण काहींत बॅटरी पार उतरण्याआधी मशीन बंद पडायची सोय राहत नाही आणि सेल मरतात. मी तरी लावणार नाही.

मेन रोडवर घ्यायला गेलात तर ड्रिलच्या किमतीआधी त्याच बॅटरीवर ग्राइंडर, जिगसॉ, ब्लोअर मिळतो का ते विचारा. पुढची मशीनं मग नुसती, बिनबॅटरीची घेता येतात.