वजनाआधी ट्रायपॉडच्या पायाचा सगळ्यात खालचा भाग बघा

प्रवासासाठी ट्रायपॉड (कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड) निवडण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘प्रवासाला १ किलोच्या आतला ट्रायपॉड घ्या, बाकी सगळं दुय्यम’ हे काही पटलं नाही. अशा हलक्या ट्रायपॉडमध्ये घडीची लांबी कमी करायची म्हणून एकात एक सरकणारे पायांचे भाग बऱ्याचदा ४ ऐवजी ५ करतात. घडी छोटी होते, बॅगेत मस्त बसते. पण शेवटचा भाग जेमतेम पेन्सिलीएवढा जाड उरतो. धबधब्यापाशी असाच एक ट्रायपॉड पूर्ण उघडून मी २ सेकंदांचं एक्स्पोजर घेतलं होतं, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं होतं. स्क्रीनवर फोटो छान दिसला, झूम केल्यावर खडकावरच्या शेवाळाला दुहेरी कडा! वारा फार नव्हता, कॅमेरा ज्यावर बसतो तो मधला दांडा मात्र पूर्ण वर होता. तेव्हापासून दांडा खालीच ठेवते, आधी जाड भाग उघडते आणि बटण दाबताना बसलेला हादरा थांबावा म्हणून २ सेकंदांचा टायमर लावते.

ट्रायपॉड स्थिर राहावा म्हणून मधल्या दांड्याखालच्या हुकला बॅग लटकवायचा तुमचा सल्ला योग्य आहे, पण बॅग झुलली तर उलटाच परिणाम होतो. तिचा तळ जमिनीला जरा टेकू द्या.

कार्बन फायबर हलका असतो आणि थंडीत हाताला गारही कमी लागतो, हे खरं. पण बजेट बेताचं असेल तर पाय ॲल्युमिनियमचे चालतील, बॉलहेड (कॅमेरा हवा तसा वळवून घट्ट करायचा वरचा गोळ्याचा सांधा) मात्र चांगलाच घ्या. घट्ट केल्यावरही फ्रेम किंचित खाली सरकते ना, तेव्हा फार चिडचिड होते.

आणि समुद्रावरून आलात की पायांचे फिरवायचे लॉक उघडून साध्या पाण्याने धुवा. आत वाळू करकरायला लागेपर्यंत थांबू नका.