एल्मचा नाद

जावास्क्रिप्ट ही वेबपानं चालवणारी प्रोग्रॅमिंग भाषा कशालाच नाही म्हणत नाही, हेच तिचं दुखणं. अवतरणचिन्हातला, म्हणजे मजकूर म्हणून लिहिलेला '५' आणि साधा २ यांची बेरीज करायला सांगा, '५२' हातात ठेवते. वजाबाकी सांगितली तर मात्र ३! १९९५ साली ब्रेंडन आइकने तिचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला. दहा दिवसांत आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचं झाकणही येत नाही, हे मान्य. पण त्या घाईपायी रात्री दोनला फोन मला येतो. ग्राहकाचं पान कोरं, आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, लाल अक्षरांत 'अनडिफाइन्ड इज नॉट अ फंक्शन'. कोण अनडिफाइन्ड, ते आपण शोधायचं.

अशाच एका जागरणानंतर मी एल्मच्या नादी लागलो. इव्हान चॅप्लिकीने २०१२ मध्ये आणलेली ही भाषा शेवटी जावास्क्रिप्टच बनवून देते, पण आधी सगळं तपासून. नाव लिहिताना चुकलं, तर तिचा कंपायलर, म्हणजे कोड तपासून त्याचं भाषांतर करणारा प्रोग्रॅम, म्हणतो, 'मला हे नाव सापडलं नाही. ही जवळची नावं आहेत, यातलं एखादं म्हणायचं होतं का?' पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर कुणी असं बोललं की आधी खिसा चाचपावासा वाटतो.

नम्र आहे, पण सोडत मात्र नाही. एल्ममध्ये 'नल', म्हणजे 'इथे काहीच नाही' सांगणारी रिकामी किंमत, नाहीच. एखादी गोष्ट नसू शकत असेल, तर 'मेबी' (असेल किंवा नसेल) लिहून दोन्ही शक्यता निस्तरायच्या. प्रवासाला निघताना आई उंबऱ्यात अडवते, तसं कंपायलरचं चालतं.

'फोन नंबर नसला तर?'

'अरे, असतोच. सक्तीचा रकाना आहे.'

'हो, पण नसला तर?'

ऑफिसात कुणाला कौतुक नाही. '२०१९ मध्ये ०.१९.१ आवृत्ती आली, त्यानंतर काय?' असं टीम लीड विचारतात. मी 'पुरेशी आहे' म्हणतो. ते नोकरीच्या जाहिराती दाखवतात, त्यांत एल्मचं नाव नसतं. तिथे मला बोलता येत नाही.

तरी एक मॉड्यूल एल्ममध्ये लिहिलंच. वर्षभर त्यात काही बिघडलं नाही, म्हणून माझ्या नावावर एकही तक्रार आली नाही आणि अर्थातच एकही सुटली नाही. अप्रेझलची प्रणाली जावास्क्रिप्टमधली. तिने सुटलेल्या तक्रारींना आलेल्या तक्रारींनी भागलं, शून्य भागिले शून्य, आणि माझ्या गुणांच्या जागी 'नॅन' (नॉट अ नंबर, म्हणजे 'ही संख्याच नाही') छापलं.

एचआरच्या मॅडम आता विचारतायत, नॅनला पगारवाढ किती टक्के?