रिबीट आणि लेझीम

मागच्या रविवारी भाच्याचा मेसेज आला, "मावशी, तू टायटॅनिकच्या गावात राहतेस ना, मग सांग, जहाज बांधतानाच कुणाला तरी कळलेलं असतं का की हे बुडणार?" पोरगा मुंबईत फिल्मचं शिकतोय आणि त्याच्या डोक्यात रामदास बोटीवर वेब सिरीज आहे. रामदास म्हणजे १७ जुलै १९४७ ला ऐन पावसात भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली आणि काशाच्या खडकाजवळ उलटलेली बोट, सहाशेच्या वर माणसं गेली. त्याला पहिल्या एपिसोडमध्ये बोट बांधतानाचा सीन हवाय, आणि त्या सीनमध्ये एक तरुण इंजिनियर हवाय जो म्हणतो की हिच्या पत्र्यात काहीतरी गडबड आहे, आणि साहेब लोक त्याला हाकलून देतात.

मी म्हटलं अरे बाबा, हे करून झालंय, माझ्याच गावावर करून झालंय.

मी बेलफास्टला येऊन आता बारा वर्षं होतील. ऑफिस टायटॅनिक क्वार्टरमध्ये, म्हणजे जिथे पूर्वी टायटॅनिक बांधणाऱ्या हार्लंड अँड वुल्फची गोदी होती आणि आता काचेच्या बिल्डिंगांत आम्ही लोक सॉफ्टवेअर टेस्ट करतो. २०१२ साली, जहाजाला शंभर वर्षं झाली तेव्हा, 'टायटॅनिक : ब्लड अँड स्टील' नावाची बारा भागांची मालिका आली होती, ती मी इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात बघून काढली (इथल्या हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, माणूस काहीही बघतो). शूटिंग डब्लिनमध्ये, आणि गोष्ट जहाज बुडण्याची नाही, बांधण्याची. हे मला फार आवडलं होतं. पण हिरो कोण, तर मार्क म्युअर नावाचा धातुशास्त्रज्ञ, जो पोलाद तपासून बघा म्हणून सगळ्यांच्या मागे लागलेला असतो. हा माणूस कधी नव्हताच. गोदीचा प्रमुख लॉर्ड पिरी खरा, पैसेवाला जे. पी. मॉर्गन खरा, जहाजाचा डिझायनर थॉमस अँड्र्यूज खरा, आणि या सगळ्या खऱ्या माणसांच्या मधोमध एक खोटा शहाणा आणून बसवलाय.

आता काल्पनिक पात्र असण्यावर माझा काहीच आक्षेप नाही, नाटक आहे ते, म्युझियममधली पाटी नाही. प्रॉब्लेम असा की खोट्या माणसाबरोबर एक खोटं कारण पण आत येतं. पोलाद खराब होतं, म्हणजे ज्यांनी बांधलं त्यांनी खराब बांधलं. आता हे बघा, टायटॅनिकच्या आधी तीन-साडेतीन महिने शेजारच्याच स्लिपवर (जहाज बांधून पाण्यात सोडायचा उतार) ऑलिंपिक या जुळ्या जहाजाचं काम सुरू झालं होतं, गोदीतला नंबर ४००, टायटॅनिकचा ४०१, तेच कामगार, तसलंच पोलाद, तसलेच रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या लोखंडी मेखा). ऑलिंपिक १९३५ पर्यंत चाललं, महायुद्धात सैन्य वाहिलं, १९१८ मध्ये एका जर्मन पाणबुडीला धडक मारून बुडवलं सुद्धा. आणि याच गोदीत १९११ ला पाण्यात उतरलेली नोमॅडिक नावाची छोटी बोट, जिने फ्रान्समधल्या शेरबूरला टायटॅनिकवर प्रवासी नेऊन सोडले, ती माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर अजून उभी आहे, मी तिच्याकडे बघत डबा खाते. हो, १९९० नंतर वर काढलेल्या तुकड्यांवर चाचण्या झाल्या, थंड पाण्यात ते पोलाद ठिसूळ होतं असं निघालं, मग रिव्हेटमध्ये मळी (स्लॅग, धातूतला कचरा) जास्त होती असंही काहींनी मांडलं, त्यावर संशोधकांत वाद आहेत आणि असू देत. पण बर्फाच्या इशाऱ्यांचे संदेश आलेले असताना रात्री सुमारे २२ नॉट्सने जहाज हाकलं, ते काही पोलादाने नाही हाकलं.

आणि गंमत म्हणजे "आधी सांगणारा" खरा माणूस होता की! अलेक्झांडर कार्लाइल, पिरीचा मेहुणा, डिझाइनमधला मोठा माणूस. त्याने जास्त लाइफबोटी मावतील असे डॅव्हिट (बोटी पाण्यात सोडायचे लोखंडी हात) सुचवले होते. तेव्हाचा नियम १८९४ चा, आणि त्यातला सगळ्यात मोठा गट "१०,००० टन आणि त्यावर", त्याला १६ बोटी पुरे. टायटॅनिक ४६,००० टनांचं. त्यावर २० बोटी होत्या, म्हणजे कायद्यापेक्षा जास्तच, आणि त्यात माणसं मावणार ११७८, जहाजावर बावीसशेच्या आसपास. कार्लाइल १९१० ला गोदीतून रिटायर झाला, पुढच्या वर्षी सरकारच्या सल्लागार समितीत बसला, आणि बोटी कमी आहेत असं स्वतःचं मत असताना समितीच्या अहवालावर सही करून मोकळा झाला. नंतर चौकशीत विचारलं तर म्हणाला की सही केली त्या दिवशी मी फारच मऊ पडलो, अशा अर्थाचं. मला सांगा, यापेक्षा मोठं नाटक कुठला लेखक लिहिणार? ज्याला माहिती होतं, ज्याचं लोकांनी ऐकलं असतं, त्याने मीटिंगमध्ये वाद नको म्हणून सही केली. आपण सगळ्यांनी ऑफिसात अशा सह्या केल्यात. पण अशा माणसाला हिरो कोण करणार, त्यापेक्षा प्रयोगशाळेत पोलाद तोडणारा देखणा पोरगा बरा.

हा "आधी सांगणारा शहाणा" फार जुना आहे बरं का. १९४३ मध्ये नाझींनी टायटॅनिकवर सिनेमा काढला, त्यातही एकच शहाणा, आणि तो जहाजावरचा एकमेव जर्मन अधिकारी, जो खऱ्या जहाजावर अर्थातच नव्हता. म्हणजे शहाणा कुठल्या देशाचा ते निर्मात्याच्या सोयीने ठरतं.

मला स्वतःला जे खटकलं ते वेगळंच होतं, आवाज. माझे आजोबा माझगाव गोदीत होते, डॉकयार्ड रोडला खोली, आणि ते रिव्हेट कधीच म्हणायचे नाहीत, रिबीट. आजोबांशी बोलायचं म्हणजे डाव्या बाजूला बसून ओरडायचं, उजवा कान कामातून गेलेला. रिबीट मारायच्या कामात तेच व्हायचं, आतून एक जण दाबून धरणार, बाहेरून दोघे घण घालणार, आणि लोखंडाच्या पेटीत बसल्यासारखा दणदणाट दिवसभर. टायटॅनिकला असले तीस लाख रिव्हेट. आणि पडद्यावर गॅन्ट्रीखाली (जहाजावरचा उंच लोखंडी सांगाडा) उभे राहून लोक निवांत प्रेमाच्या गप्पा मारतायत, आयर्लंडच्या होम रूलवर चर्चा करतायत, मागे कुठेतरी देवळातल्या घंटेसारखं टिंग टिंग! टोप्या बरोबर, कोट बरोबर, आवाज साफ खोटा. पण यावर कोणी तक्रार केलेली मी वाचलेली नाही. तज्ज्ञ लोक चौथ्या धुराड्यातून धूर येतोय का ते बघतात (ते हवेसाठी होतं, तिथून बॉयलरचा धूर यायचा नाही), किंवा जहाज पाण्यात सोडताना बाटली फोडली का ते बघतात. टायटॅनिकची मालक व्हाइट स्टार कंपनी बाटली फोडायचीच नाही, आणि १९५८ चा 'अ नाइट टू रिमेंबर', जो सगळ्यात अचूक म्हणून अजून नावाजला जातो, त्याची सुरुवातच बाटली फोडण्यापासून होते. माझ्या मते ही चूक माफ. त्या बाटलीने कोणाचं काही बिघडलं नाही.

आणि आता घरचं. 'छावा'चा ट्रेलर आला तेव्हा, २०२५ च्या जानेवारीत, आमच्या फॅमिली ग्रुपवर जे काही पेटलं ते तुमच्याही ग्रुपवर पेटलंच असणार. संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवले, महाराज असे नाचतील का, मग दिग्दर्शकाने सीन काढतो म्हणून सांगितलं. त्यानंतर शिर्के घराण्यातल्या वंशजांनी हरकत घेतली की आमच्या पूर्वजांना फितूर दाखवलंय, त्यावर त्याने माफी मागितली. काका म्हणाले बरं झालं, दादा म्हणाला सेन्सॉर आता गल्लीत आलाय, आणि मी इथून मोठ्या शहाणपणाने टाइप केलं की आमच्याकडे लोक सिनेमाला सिनेमा म्हणून बघतात.

ते खोटं होतं. मला माहितीच नव्हतं तेव्हा. १९९७ च्या त्या प्रचंड चाललेल्या 'टायटॅनिक'मध्ये फर्स्ट ऑफिसर विल्यम मर्डोक लाच घेतो, प्रवाशांवर गोळी झाडतो आणि मग स्वतःवर. मर्डोक खरा माणूस, स्कॉटलंडमधल्या डॅलबीटी गावचा, आणि लाच घेतल्याचा काडीचा पुरावा नाही. गाव भडकलं, घरचे भडकले, शेवटी १९९८ ला स्टुडिओचा मोठा अधिकारी त्या गावात गेला, दिलगिरी व्यक्त केली आणि तिथल्या हायस्कूलमध्ये मर्डोकच्या नावाने जे बक्षीस देतात त्याला ५,००० पौंड दिले. म्हणजे वंशज आणि गावकरी इथेही चिडतात, आणि बरोबरच चिडतात, मेलेल्या माणसाला कोर्टात जाता येत नाही. हे कळल्यावर मी शिर्क्यांबद्दल टाकलेला जोक गुपचूप डिलीट केला. लेझीम आणि फितुरी हे दोन वेगळे मुद्दे आहेत, इतकं मात्र मी अजूनही म्हणेन. लेझमीने कोणाची अब्रू गेली नाही. एखाद्या घराण्यावर दगाबाजीचा शिक्का मारायचा तर कागद दाखवायला हवा.

फरक मला जाणवतो तो असा की तिकडे महाराष्ट्रात सगळा वाद काय काढायचं याचा, काय राहून गेलंय हे कोणी विचारतच नाही. टायटॅनिक बांधताना आठ माणसं मेली, २४६ जण जखमी झाले. पहिला गेला सॅम्युएल स्कॉट, वय १५, तापलेले रिव्हेट पकडायचं काम, २० एप्रिल १९१० ला शिडीवरून पडून कवटी फुटली. त्याच्या थडग्यावर १०१ वर्षं दगड नव्हता, २०११ मध्ये लावला, मी एकदा जाऊन आले, सिटी सिमेट्रीत आहे. (भाच्याला फोटो पाठवला तर म्हणाला याचा अँगल घेता येईल. अँगल म्हणे!) आपल्याकडे हिरोजी इंदुलकरांचं नाव रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर कोरलेलं आहे, 'सेवेचे ठायी तत्पर', सगळे त्या पायरीशी फोटो काढतात. पण गड कसा बांधला, दगड कुठून काढला, किती जण कड्यावरून खाली गेले, यावर एक एपिसोड? ग्रुपवर विचारलं तर काकांनी अंगठा दाखवला आणि विषय संपला.

तसं बेलफास्टही काही कमी नाही. पहिल्याच महिन्यात एका कलीगने अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की जहाजाचा नंबर ३९०९०४ होता, आरशात बघितलं की 'नो पोप' दिसतं, म्हणून कॅथलिक कामगार बिथरले आणि म्हणून ते बुडलं. अख्खी दंतकथा आहे, नंबर ४०१ होता हे दहा ठिकाणी छापलंय, तरी सांगतात. आणि जे खरंच झालं ते कोणी बिअर पिताना सांगत नाही. टायटॅनिक २ एप्रिल १९१२ ला इथून गेलं, आणि त्याच वर्षी जुलैत गोद्यांमधून हजारो कामगारांना मारून हाकलून दिलं, बहुतेक कॅथलिक आणि त्यांची बाजू घेणारे काही प्रोटेस्टंटही. मालिकेत धर्माचा ताण आहे, नाही असं नाही, हिरो आपला कॅथलिक जन्म लपवून असतो. पण तो एका माणसाचं गुपित होऊन बसतो, टोळीने केलेलं काम राहत नाही.

इथे मला लगेच आपल्याकडचं आठवतं. आपल्याला गोष्टीत फितूर लागतो, यांना आधी सांगणारा शहाणा लागतो, दोन्हीचा उपयोग सारखाच, बाकीच्या सगळ्यांना मोकळं सोडता येतं. लाइफबोटीचा नियम १८ वर्षं कोणी बदलला नाही यात फितूर कोण?

रामदासबद्दल मराठीत वाचायला बसले तर बोट १९३६ ला स्वान हंटरने बांधली, क्वीन एलिझाबेथ बांधणाऱ्या कंपनीने, असं वाचायला मिळतं. क्वीन एलिझाबेथ स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला जॉन ब्राउन कंपनीने बांधलं. स्वान हंटरचं गाजलेलं जहाज मॉरिटेनिया. भाच्याला म्हटलं, तू अचूकपणावर भांडणार असशील तर इथून सुरुवात कर. आणि तुझ्या इंजिनियरला काढून टाक, कारण बोट पत्र्यामुळे गेली नाही. जी माहिती आहे ती हीच की पावसाळी समुद्र, मोठी लाट, एका बाजूने पाणी आलं म्हणून माणसं दुसऱ्या बाजूला धावली आणि बोट उलटली. सुताराची आणि लोहाराची बदनामी कशाला?

काल त्याचा फोन आला. इंजिनियर गेला, आता एक रिबीटवाला ठेवलाय, बोलतच नाही, हातवारे करतो, कारण त्याला ऐकू येत नाही. प्रोड्यूसरला पटलेलं नाही. पण भाच्याला आता खरा आवाज हवाय, हाताने रिबीट मारल्याचा, "मावशी, तुझ्याकडे मिळेल का बघ ना." इथे आता सगळं वेल्डिंग. शनिवारी नोमॅडिकवर जाऊन विचारते, तिच्या डागडुजीच्या वेळी कोणी रेकॉर्ड केला असेल तर.