प्रत्येक नळीला एक काटा

प्रशिक्षणाच्या अणुभट्टीचा जुना नियंत्रण फलक संग्रहालयात ठेवल्याबद्दलचा लेख आवडला. पण फलक म्हणजे निव्वळ शोभेची दिवे-बटणं, हा त्यातला सूर पटला नाही.

अमेरिकेतल्या हॅनफर्डची 'बी' भट्टी घ्या. ती शिकवण्यासाठी नव्हती, अणुबॉम्बला लागणारं प्लुटोनियम बनवण्यासाठी होती, पण तिचा नियंत्रण कक्ष जपून ठेवलाय. तिथे भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या दाबाचे २००४ मापक आहेत, इंधनाच्या प्रत्येक नळीला एक. हा आकडा का? शास्त्रज्ञांच्या हिशेबाने १५०० नळ्या पुरेशा होत्या. भट्टी बांधणाऱ्या ड्यूपाँट कंपनीच्या अभियंत्यांनी हट्टाने ५०४ जास्तीच्या ठेवल्या. सप्टेंबर १९४४ मध्ये भट्टी सुरू झाली आणि काही तासांतच आपोआप मंदावत बंद पडली. भट्टीतच तयार होणारा झेनॉन-१३५ हा वायू साखळी प्रक्रिया चालू ठेवणारे न्यूट्रॉन गिळत होता! जादा नळ्यांत इंधन भरलं तेव्हा कुठे ती पूर्ण क्षमतेने चालली. (नागासाकीच्या बॉम्बचं प्लुटोनियमही हॅनफर्डचंच. म्हणून नुसतं कौतुकही करवत नाही.)

आपल्याकडे ट्रॉम्बेची 'अप्सरा' ही संशोधनाची अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, २००९ मध्ये बंद झाली. कितीतरी शास्त्रज्ञ तिच्यावर शिकले. तिच्या जुन्या फलकाचा एखादा भाग वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवायला काय हरकत आहे? शाळांच्या सहली तिथे जातातच. फक्त काचेत बंद करून नावाची पाटी लावू नका, कुठला काटा काय दाखवायचा आणि तो हलला की ऑपरेटर काय करायचा, ते मराठीतही लिहा.